तारखेच्या शेजारी काय लिहावं

चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

बाळाच्या पहिल्या वर्षातलं काय काय टिपून ठेवू, असं तू विचारलंस. फोनवर मला ते धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो. पहिलं हसू, पालथं पडणं, पहिला दात, सगळ्याच्या तारखा तू मोबाइलमध्ये घालतेस ते चांगलंच आहे. पण नुसत्या तारखेवर फार विसंबू नकोस. शाळेत मास्तर म्हणून तारखा लिहिण्यातच माझी सगळी नोकरी सरली.

आमच्या पिढीत गावोगाव १ जूनला जन्मलेली माणसं सापडतील. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना पोराची जन्मतारीख ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. त्या हिशेबानं साल मागे मोजायचं आणि जनरल रजिस्टरला १ जून टाकायचा. शाळा जूनात सुरू होतात, म्हणून ती तारीख सोयीची. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, जन्माची खरी नोंद असायची, पण तिची नक्कल काढायला कामधंदा सोडून तहसीलला कोण जाणार? महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची नुसती गर्दी उडते. मीही त्याच गर्दीतला. कागदावर मी जूनचा. आई मात्र सांगायची, तू भाताच्या कापणीतला, अंगणात पेंढ्या पडलेल्या आणि दिवाळी तोंडावर आलेली.

तिला अक्षर येत नव्हतं, पण घरातल्या कुणाचं काय कधी झालं ते ती बिनचूक सांगे. तिची स्वतःची आई मानमोडीत वाचलेली, म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. आमचा मधला भाऊ पत्रीसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्यातल्या प्रतिसरकारच्या, धामधुमीतला. आणि आमची धाकटी बहीण, तुझ्या आईची आत्या, भूकंपात चालायला लागलेली.

त्या भूकंपाबद्दल तू शाळेत एखादी ओळ वाचली असशील. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेले होते. कोयनानगरला पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या पाटण तालुक्यात कितीतरी घरांच्या भिंती बसल्या, उभ्या होत्या त्या तडकल्या. पुढं हादरे येतच राहिले, त्यामुळे आत झोपायला कुणी धजेना. रानात मांडव घातले, त्यात दोन-दोन, तीन-तीन घरं एकत्र. थंडी मी म्हणत होती. बहीण रांगती. तिला धरून बसायला आईला सवड कुठली, पोर या अंथरुणावरून त्या अंथरुणावर फिरायची, जो जागा असेल त्याच्या घोंगडीत शिरायची. एक दिवस उभी राहिली आणि चार पावलं टाकत शेजारच्या म्हातारीपाशी गेली. तारीख कोणालाच माहीत नाही. पण आजही ती गावी आली की त्या घरी तिची ओटी भरल्याशिवाय तिला सोडत नाहीत.

तर माझं सांगणं एवढंच आहे. तारखेच्या शेजारी एक ओळ आणखी लिही, बाळाबद्दलची नव्हे, बाकीच्यांबद्दलची. त्या दिवशी घरात कोण होतं, कोणाची कसली काळजी चालली होती, कामाला येणाऱ्या मावशींनी बाळाला काय म्हणून हाक मारली, पाणी कधी गेलं, टोमॅटो काय भाव होता. पाऊल तर सगळीच मुलं टाकतात. कोणाच्या दिशेनं टाकलं, हे मात्र ज्याचं त्याचं असतं, आणि मोबाइल ते विचारत नाही.

तुझ्या आईचंच बघ. माझी नोकरी तेव्हा माण तालुक्यात होती आणि ७२चा दुष्काळ पडलेला. तिची जन्मतारीख मी चोख नोंदवली, मास्तरच होतो. पण तिला तारखेचं काही वाटत नाही; तिला ऐकायचं असतं ते मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीचं आणि दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या शेजारणीचं. ती बाई आपल्या वाट्याची सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा कोरडा खाऊ, पदरात बांधून बाळंतिणीला आणून द्यायची. तुझी आई अजून कोणाला दारातून रिकाम्या हातानं पाठवत नाही, ते कुठून आलं असेल?

आता तो दुसरा मुद्दा, ज्यानं तू रडवेली झाली होतीस. सोसायटीतलं ते बाळ दहाव्या महिन्यात चालतं म्हणून आपल्याला बाराव्यात चालायलाच हवं, असा कुठंही नियम नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून ते अठराव्यापर्यंत कधीही मूल चालू लागतं. काही मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. अठरा महिने उलटूनही चाललं नाही किंवा आलेली गोष्ट विसरायला लागलं तर डॉक्टरांना दाखव. तोवर त्या बायकांच्या ग्रुपवर जाणं कमी कर, हे जरा रागानंच लिहितो आहे.

पहिल्या वाढदिवसाला हॉल घ्यायचा की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. बाळाला त्यातलं काही आठवणार नाही. हौस आपली असते, आणि ती करायलाही हरकत नाही, फक्त कर्ज काढून नको. मला विचारशील तर संक्रांतीनंतर बोरन्हाण घरीच घाल. त्यात पाहुण्यांपेक्षा पोरांना काम जास्त असतं, वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडले की ती तुटून पडतात आणि बाळ मध्ये बावरून बघत बसतं. मोठी बोरं डोक्यावर नकोत, लागतात, आणि हलवा बाळाच्या तोंडात जाणार नाही एवढं बघ. बोरं आणि चुरमुरे आम्ही इकडून घेऊन येऊ. काळं झबलं तुझी आजी शिवते आहे, त्याचं माप तेवढं दोन दिवसांत कळव.

तुझा,
आजोबा