मी दोन वर्षांसाठी क्वालालंपूरला जात आहे. मलय लोकांची पारंपरिक वाद्ये मूळची भारतीयच आहेत ना? तबला येणाऱ्याला त्यांपैकी कोणते लवकर जमेल?

नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरे तर एवढेच आहे. परंतु प्रश्नातला हा ‘भारतीयच आहेत ना’ मी माझ्या घरात गेली दहा वर्षे ऐकत आलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपण दोन वर्षांसाठी क्वालालंपूरला जात आहात असे प्रश्नात म्हटले आहे, तेव्हा तिकडे जाऊन हे विधान कोणा मलय वादकासमोर करू नये, हाही एक हेतू आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सातारा जिल्ह्यातल्या एका देवळाच्या नगारखान्यात चाळीस वर्षे सनई वाजवत असत. मी नोकरीनिमित्त मलेशियात असताना 2014 साली आईअण्णा, थोरली बहीण आणि दाजी माझ्याकडे आले आणि आम्ही सर्वजण केलांतान राज्यातल्या कोटा बारू शहरी गेलो. तेथील सांस्कृतिक केंद्रात त्या रात्री वायांग कुलित होते, म्हणजे आपल्या पिंगुळीला होतो तसा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. तेथे बाहुल्या नाचवणारा दालांग एकटाच सर्व पात्रांचे आवाज काढतो आणि त्याच्या पाठीशी वादकांचा ताफा बसतो. गेंदांग, गेदोंबाक आणि गेदुक हे तीन प्रकारचे ढोल, तावक-तावक नावाच्या टांगलेल्या घंटा, चानांग या लहान घंटा आणि केसी नावाच्या झांजा असा तो ताफा. ढोल आणि घंटा जोडीने असतात. मोठे वाद्य ‘इबू’ म्हणजे आई, धाकटे ‘आनाक’ म्हणजे लेकरू. या साऱ्यात सूर काढणारे वाद्य एकच, ते म्हणजे सेरुनाई.

पहिल्या पाच मिनिटांतच दाजींनी निकाल दिला. सेरुनाई म्हणजे आपली सनई, राजघराण्यातला नोबात हा वाद्यमेळ म्हणजे आपली नौबत, तेव्हा हे सगळे आपल्याकडूनच आलेले आहे. अण्णा मात्र काही बोलले नाहीत. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच मला हळूच म्हणाले, “ह्याचा सूर कोण धरतंय रे?” आपल्याकडे मुख्य सनईच्या बाजूला बसून दुसरा माणूस अखंड षड्ज धरून असतो, येथे तसे कोणीच नव्हते. तो वादक गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, एकही खंड न पाडता एकटाच वाजवत होता आणि त्याच्याखाली घंटांचे आवर्तन फिरत होते. खेळ संपल्यावर अण्णांनी खुणांनी त्याच्याकडे सेरुनाईच्या तोंडाशी असणारी, फुंकेने थरथरणारी पत्ती मागितली. ती ताडाच्या पानाची होती, आणि नळीवर ओठ टेकवायला एक गोल चकती होती. त्या भल्या माणसाने अण्णांना एक जुनी पत्ती देऊनच टाकली. अण्णांनी घरी आल्यावर ती आपल्या सनईला लावून पाहिली, पण ती बसली नाही.

दाजी ज्या शब्दसाम्यावर विसंबले, ते साम्य खरे आहे. चुकीचा आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. सनई आणि सेरुनाई या दोघींच्या नावांमागे फारसी ‘सुरना’ आहे, आणि नौबत हा शब्दही आपल्याकडे अरबी-फारसीतूनच आला. तेव्हा ही भावंडे आहेत, मायलेकरे नव्हेत. केदाह, पेराक, सेलांगोर आणि तेरेंगानू येथील सुलतानांकडे नोबात आजही आहे, आणि त्यातल्या लांब तुतारीला नाफिरी म्हणतात. तेही नाव फारसी-अरबी परंपरेतलेच आहे. माक योंग या नृत्यनाट्याचा प्राण असलेला तीन तारांचा रेबाब अरबी नावाचा आहे. खेळाच्या आरंभी सर्व नटी त्या रेबाबाकडे तोंड करून बसतात आणि त्याला वंदन करणारे गीत गातात. हा माक योंग केलांतानमध्ये 1991 पासून 2019 पर्यंत बंदीखाली होता. मध्यभागी फुगवटा असलेल्या घंटा तर आग्नेय आशियाच्या स्वतःच्या; आपल्या देवळातली थाळ सपाट असते.

शेजारच्या जमातींकडे गेलो तर दाजींची आणखी पंचाईत होते. मलेशियाच्याच सारावाक राज्यातल्या कायान आणि केन्याह लोकांचे सापे हे एकाच लाकडातून कोरलेले, होडीसारखे लांबट तंतुवाद्य आहे. ते पूर्वी दोन तारांचे होते आणि आजाऱ्याला बरे करण्याच्या विधीत वाजत असे. साबा राज्यातल्या कादाझान-दुसून लोकांचे सोंपोतोन म्हणजे वाळलेल्या भोपळ्यात बसवलेल्या बांबूच्या आठ नळ्या, त्यांतली एक मुकी. त्या नळ्यांत ज्या प्रकारच्या कंप पावणाऱ्या पट्ट्या असतात, त्याच तत्त्वावरची चिनी तोंडवाद्ये 18व्या शतकात युरोपीय लोकांनी पाहिली आणि पुढे 1840च्या दशकात पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले. म्हणजे दाजी दर गुरुवारी भजनात जी पेटी ‘आपली’ म्हणून वाजवतात, तिची आजी पूर्व आशियातली आहे. हे मी त्यांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी विषय बदलला.

भारताचे देणे काहीच नाही असे मात्र मला म्हणायचे नाही. त्या रात्रीची कथा रामायणाचीच होती. शिवाय 1870च्या दशकात मुंबईहून पिनांगला गेलेल्या पारशी नाटकमंडळ्यांच्या धर्तीवर तेथे बांगसावान हे मलय संगीतनाटक उभे राहिले, आणि जोहोर राज्यातल्या मलय गझलेत गांबुस या तंतुवाद्याच्या जोडीला पेटी आणि तबला असतो.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे: तबला येत असेल तर जोहोरची गझल शोधा, तेथे नवे वाद्य शिकावेच लागणार नाही. नवेच हवे असेल तर कोंपांग घ्या. हा बकरीच्या कातड्याचा, डफासारखा हातात धरायचा ढोल लग्नाच्या मिरवणुकीत दहावीसजण मिळून वाजवतात, आणि तो सैल पडला तर कातडे व कडे यांच्यामध्ये वेताची कांब सारून ताणतात. बोटांची करामत येथे कामाला येणार नाही, कारण प्रत्येकाने तुकड्यातुकड्याने वाजवलेला ठेका एकमेकांत गुंतून पूर्ण होतो. तबल्यावर एकट्याने टाळ्या घेण्याची सवय असणाऱ्याला पहिले दोन महिने ते जड जाईल.