'अमेझिंग ग्रेस'ची चाल नक्की कुणाची? जुन्या अमेरिकन हिम्सच्या (ख्रिस्ती भक्तिगीतांच्या) चालींचा कर्ता कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेत नाव छापायचंय, पण एका पुस्तकात विल्यम वॉकर दिसतो, दुसऱ्यात 'पारंपरिक' आणि तिसऱ्यात 'न्यू ब्रिटन'. तिसरं आधी निकालात काढू. न्यू ब्रिटन हा माणूस नाही, ते चालीचं नाव आहे. त्या काळी प्रत्येक चालीला गाण्याच्या शब्दांपेक्षा वेगळं नाव असे. ते गावाचं असे, माणसाचं असे, काहीही असे. 'नेटलटन' नावाची चाल अशीच आसाहेल नेटलटन या धर्मप्रचारकाच्या खात्यावर जमा झाली. १८१३ साली हॅरिसबर्गच्या जॉन वाएथने ती छापली तेव्हा तिच्यावर कर्त्याचं नावच नव्हतं.

आता वॉकर. शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ साली छापलेले. ते या चालीला जोडले वॉकरने, १८३५च्या 'सदर्न हार्मनी' या आपल्या चालींच्या पुस्तकात. पण चाल त्याची नाही. बरीच वर्षं लोक १८३१चं 'व्हर्जिनिया हार्मनी' हे तिचं सगळ्यात जुनं छापील ठिकाण मानत होते. मग १८२९चं 'कोलंबियन हार्मनी' सापडलं, स्पिलमन आणि शॉ यांचं. त्यात हीच चाल थोड्या फरकाने दोनदा आहे, 'गॅलहर' आणि 'सेंट मेरीज' या नावांनी. एकाच पुस्तकात एकच चाल दोन रूपांत येते, याचा अर्थ ती आधीच लोकांच्या तोंडी होती.

आणि वॉकरने काही लपवलेलं नाही, हेही सांगतो. प्रस्तावनेत त्याने सरळ लिहिलंय की ज्या चांगल्या चाली मला छापील पुस्तकात किंवा हस्तलिखितात सापडल्या नाहीत, त्यांना साथीच्या बाकीच्या आवाजांचे सूर मी बसवले आणि कर्ता म्हणून माझं नाव घातलं. म्हणजे पानाच्या कोपऱ्यातलं नाव वाचून 'संगीतकार' म्हणणं हाच मूळ घोटाळा. ते नाव ऐकून लिहून घेणाऱ्याचं असतं, सूर बसवणाऱ्याचं असतं, क्वचित खरोखर रचणाऱ्याचं असतं.

या वॉकरचा साडू बेंजामिन फ्रँकलिन व्हाइट. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. गोष्ट अशी सांगतात की 'सदर्न हार्मनी' दोघांनी मिळून जमवलं, वॉकर बाड घेऊन उत्तरेला छापायला गेला आणि पुस्तक आलं ते एकट्याच्या नावाने. मग म्हणे दोघं आयुष्यभर बोलले नाहीत. व्हाइटने पुढे जॉर्जियातून १८४४ साली 'सेक्रेड हार्प' हे स्वतःचं चालींचं पुस्तक काढलं, ते आजही गायलं जातं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लॅपटॉप मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो होतो.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. पप्पा शाळामास्तर आणि देवळात पेटीला. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.) रेव्हरंड टिळकांच्या पदांना ते चाली लावायचे आणि एका लांबड्या खतावणीत सारेगममध्ये उतरवून ठेवायचे. पहिल्या पानावर १९७४ आहे. मावशीचे यजमान, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आवाजाने पप्पांपेक्षा कितीतरी चांगले आणि शहरात ओळखी असलेले. १९८१ साली खतावणी घेऊन तेच छापखान्यात गेले. पुस्तिका आली, 'चाली' या शब्दापुढे एकटे अण्णा. पप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पेटीचा भाता बंद करून घरी आले आणि परत बसले नाहीत.

अण्णांकडचे म्हणायचे, चाली अण्णांच्याच, मास्तरांनी नुसत्या लिहून घेतल्या. हा वाद तीस वर्षं चालला. मग एका रात्री मी पुस्तिका आणि खतावणी शेजारी ठेवली. चौथ्या पदाच्या तिसऱ्या ओळीत पप्पा धैवताखालचा टिंब द्यायला विसरलेत. त्यामुळे गळा मंद्रातून एकदम मध्य सप्तकातल्या धैवतावर उडी मारतो आणि लगेच खाली येतो. असं कुणी गात नाही, अण्णाही गात नव्हते. पुस्तिकेत तोच धैवत, बिनटिंबाचा. ज्याने चाल स्वतः रचलीय तो ही चूक छापू देईल?

अमेरिकन चालींनाही हाच उपाय लावा. दोन पुस्तकांतली सारखी चूक शोधा, नावं नंतर बघा. या पुस्तकांत प्रत्येक आवाजाचे सूर वेगळ्या ओळीत, एकाखाली एक छापलेले असतात. सूर तपासताना सगळ्यात वरची ओळ धरू नका, मूळ चाल टेनरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) असते, बासच्या (सगळ्यात खालच्या आवाजाच्या) लगेच वर. ती सारेगममध्ये उतरवा. इलिनॉय विद्यापीठात निकोलस टेम्परलीने केलेली हिम ट्यून इंडेक्स ही छापील चालींची सूची आहे, तिथे चाली एक ते सात आकड्यांनी लिहितात. पट्टी कुठलीही असो, सा म्हणजे एक. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. मात्र ती सूची १८२०ला थांबते, 'न्यू ब्रिटन' तिथे मिळायची नाही. मी दोन संध्याकाळी वाया घालवल्यात. आणि नुसती पहिली ओळ जुळली म्हणून नाचू नका. मंद्र पंचमावरून सा ग सा ग रे सा, मग मंद्रातले ध प, सगळे भूपाचेच सूर. पाच सुरांत अशा ओळी ढिगाने मिळतात.

राहिलेल्या दोन गोष्टी. वॉकर-व्हाइटचं भांडण १९०४ साली 'सेक्रेड हार्प'चा इतिहास लिहिणाऱ्या जे. एस. जेम्स यांनी छापलं, दोघेही वारल्यावर. वॉकर १८७५ला गेला, व्हाइट १८७९ला. म्हणजे ऐकीवच. मला ते खरं वाटतं, पण मला का वाटतं ते तुम्ही आता जाणता.

दुसरी खतावणीतलीच. त्या चौथ्या पदाच्या समासात पप्पांच्या बारीक अक्षरात लिहिलंय : 'आत्याकडून, जात्यावरची.' ते मी टिंब सापडल्यावर दोन वर्षांनी वाचलं. मावसभावाला टिंबाचा फोटो तेव्हाच पाठवला होता, समासाचा अजून पाठवलेला नाही.

तुमच्या पत्रिकेत छापा : 'शब्द जॉन न्यूटन, चाल पारंपरिक, पहिली ज्ञात छपाई १८२९, शब्दांशी जोड विल्यम वॉकर १८३५.' आणि पेटीवर कोण बसणार आहे त्याचंही नाव घाला, ठळक टाइपात.