पहिला हप्ता कोणी भरायचा?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सांभाळून विमा एजंटचं काम करतो. मोठे बाबा म्हणतात, "पॉलिसी काढतो, पण पहिला हप्ता तुझ्या कमिशनमधून भर." काय करू?

उत्तर : भाऊ, अजिबात भरू नको. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं अशी सूट देणं-घेणं दोन्ही बंद. दंड १० लाखांपर्यंत. मोठ्या बाबांना हे समोर बसून सांग. मीही याच भागात हे काम केलंय, म्हणून आणखी एक : हप्ता वार्षिक ठेव, कापसाचे पैसे हाती येतात त्या डिसेंबर-जानेवारीत. महिन्याचा हप्ता पेरणीच्या जूनमध्ये हमखास अडतो, अन् मुदत मिळते फक्त १५ दिवसांची, वार्षिकाला ३०. परीक्षेच्या महिन्यात मात्र गावोगावच्या फेऱ्या बंद. मोठ्या बाबांचा फॉर्म नंतर भरता येईल.