मराठवाड्याच्या इतिहासावर नेटवर आणि लायब्ररीत काहीच सापडत नाही, शोधायचं कसं?

हे वाचलं आणि आमचे मार्गदर्शक सर आठवले. नाव घेत नाही. एम.ए.ला मी अंबाजोगाईच्या जुन्या घोडदळाच्या छावणीवर लघुप्रबंध करायचं म्हणालो, तर सर म्हणाले, "त्याच्यावर काही सापडत नसतंय. विषय बदलून टाक." सरांनी गुगलवर अंबाजोगाई टाकलं होतं. आलं काय? योगेश्वरीचं मंदिर, लॉज, एसटीचं वेळापत्रक.

अहो, छावणी होती तेव्हा इंग्रजांच्या कागदात गावाचं नाव मोमिनाबाद होतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हे तोंडपाठ. मोमिनाबाद आणि हैदराबाद कंटिंजंट (निजामाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज) हे दोन्ही शब्द इंग्रजीत, प्रत्येक अवतरण चिन्हांत टाकून शोधलं आणि इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं धडाधड उघडली. इम्पीरियल गॅझेटियर म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्या-गावांच्या माहितीचा ग्रंथ. त्याच्या हैदराबाद संस्थानावरच्या खंडात, 1909 च्या, बीड शोधायचं तर 'बी-एच-आय-आर' असं स्पेलिंग टाकावं लागतं. आजचं स्पेलिंग टाकणाऱ्याला तो जिल्हा दिसणारच नाही.

दुसरं म्हणजे 'महाराष्ट्र' शब्द काढून टाका. आपला भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याआधीचा कागद 'निझाम्स डोमिनियन्स' नाहीतर 'हैदराबाद स्टेट' या नावाखाली आहे, आणि मूळ दप्तराचा मोठा भाग अजून हैदराबादच्या अभिलेखागारात. मुंबई-पुण्याकडं बघून "मराठवाड्याला इतिहासच नाही" म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार? मी सांगितलं होतं, भर वर्गात. सरांना ते काही रुचलं नाही.

बाकीचं पटकन सांगतो. मंदिर-लॉज नको असतील तर त्या शब्दाच्या आधी, त्याला चिकटून वजा चिन्ह द्या. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फायलींत असतो. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा, प्रस्तावना नंतर वाचा. एका चांगल्या सूचीतून महिनाभराचं काम निघतं. लायब्ररीत संगणकावर एक पुस्तक सापडलं की त्याचा वर्गांक (पुस्तकाच्या पाठीवरचा विषयवार क्रमांक) घेऊन कपाटापाशी जा आणि डावी-उजवीकडची पुस्तकंही चाळा. नियतकालिकांचे बांधीव खंड बऱ्याच कॉलेजांत यादीवर चढलेलेच नसतात, ते ग्रंथपालांनाच विचारावे लागतात. जेवणाच्या सुट्टीत विचारू नका म्हणजे झालं.

मराठीत शोधताना अवतरण चिन्हं जपून वापरा. 'दुष्काळ' असं बांधून टाकलं की 'दुष्काळात', 'दुष्काळी' निसटू शकतात. जुन्या देवनागरी स्कॅनमधली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, म्हणून तिथं आतला मजकूर शोधण्यापेक्षा पुस्तकाचं नाव शोधा.

तुमचा विषय 1960 नंतरचा असेल तर जुन्या नावांचा फार उपयोग नाही, पण औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद-धाराशिव ही दोन्ही नावं टाकून बघाच. विज्ञानवाल्यांचं मला विचारू नका, मी इतिहासवाला.

आणि मार्गदर्शक "विषय बदल" म्हणाले तर एवढंच विचारा, "सर, कोणकोणते शब्द टाकून बघितले?" तोंडी परीक्षा झाल्यावर विचारलेलं बरं.