कुंडलिनी, झोप आणि चांगदेवांचा कोरा कागद

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी असून माझे वय 38 वर्षे आहे. चार महिन्यांपासून मोबाइलवरील व्हिडिओ पाहून रोज पहाटे ओट्यावर बसून अर्धा तास भस्त्रिका (भात्यासारखा जलद, जोरकस श्वास) आणि त्यानंतर जमेल तितका कुंभक (श्वास रोखून धरणे) करतो. अलीकडे माकडहाडापासून मानेपर्यंत उष्णतेचा लोट चढल्यासारखा वाटतो, बोटांना मुंग्या येतात, अंग आपोआप डोलते आणि रात्री जेमतेम दोन तास झोप लागते. त्यातच आठवड्यातून काही रात्री शेतीपंपाची वीज रात्रीच येत असल्याने मळ्यात जावे लागते. ही कुंडलिनीची, म्हणजे मणक्याच्या तळाशी निजलेली मानल्या जाणाऱ्या शक्तीची, जागृती आहे का? तिच्यामुळे मानवी चेतनेची उत्क्रांती होते, हे खरे आहे का? साधना वाढवावी की थांबवावी?

उत्तर : आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. भस्त्रिका आणि कुंभक आजपासून बंद करावेत आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून रक्तदाब व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. झोप अशीच उडालेली राहिली, मनात विचारांची गर्दी होऊ लागली किंवा आपल्याला काही विशेष कार्यासाठी निवडले आहे असे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात मुळीच संकोच करू नये. त्याने साधनेचा अपमान होत नाही.

मुंग्यांचे कारण बरेचसे श्वासातच आहे. जलद आणि खोल श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्ताची आम्लता बदलते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात आणि डोके हलके होते. हे कोणालाही होते, त्याने ध्यान केलेले असो वा नसो. रात्री मोटार सुरू करायला मळ्यात, पहाटे पुन्हा आसनावर, अशी झोपमोड झालेल्या शरीरात डोलणे आणि दाह का वाढतो, हेही समजण्यासारखे आहे. यामागे कुंडलिनी मुळीच नाही असे मी म्हणत नाही; मात्र केवळ या लक्षणांवरून ती आहे असे ठरवता येत नाही.

हठयोगाच्या परंपरेलाही हा धोका पुरेपूर ठाऊक होता. ज्या ‘हठयोगप्रदीपिके’त भस्त्रिका कुंडलिनीला लवकर जागवते असे म्हटले आहे, त्याच ग्रंथात सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करावेत तसा प्राण वश करावा, एरवी तो साधकालाच मारतो, असे बजावलेले आहे. अभ्यासाच्या आरंभी दूध-तुपाचा आहार सांगितला आहे आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगितले आहे. आपण पाहिलेल्या व्हिडिओत यापैकी काही होते का, हे एकदा आठवून पाहावे.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील वर्णन आपण कदाचित कीर्तनात ऐकले असेल. कुंकवात न्हालेले नागिणीचे पिल्लू वेटोळे घालून निजावे, तशी साडेतीन वळणांची ती शक्ती निजलेली आहे, असे माउली सांगतात. पण त्याच माउलींच्या भावंडांशी जोडलेली एक कथा आपल्याच भागातली आहे आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे. चांगदेव चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसणारे योगी होते, अशी आख्यायिका आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, तर वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशा मुलाला आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हेच त्यांना ठरेना. शेवटी कागद कोराच गेला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या आणि ज्ञानदेवांनी 65 ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ उत्तरादाखल लिहिली. पुढे त्याच मुक्ताबाई चांगदेवांच्या गुरू झाल्या. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवांच्या मंदिरात आपण महाशिवरात्रीच्या यात्रेला गेला असाल, तर सिद्धी असलेल्या योग्यालाही एका मुलीपुढे नमावे लागले, हे तिथे उभे राहून आठवण्यासारखे आहे.

आता उत्क्रांतीविषयी. हा विचार आधुनिक काळात ठामपणे मांडला तो काश्मीरचे पंडित गोपी कृष्ण यांनी. सतरा वर्षे ध्यान केल्यावर डिसेंबर 1937 मध्ये त्यांना प्रकाशाचा विलक्षण अनुभव आला आणि त्यानंतर दीर्घकाळ दाह, निद्रानाश व भीती यांनी त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेले. 1967 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी कुंडलिनीला माणसातील उत्क्रांतीची शक्ती म्हटले. त्यांची तळमळ मला आदरणीय वाटते, तरीही जीवशास्त्रातील उत्क्रांती अनेक पिढ्यांत, वारशाने उतरणाऱ्या बदलांतून घडते आणि एका साधकाचा अनुभव त्याच्या मुलाबाळांच्या रक्तात उतरत नाही. त्यामुळे त्यांचे म्हणणे सिद्ध झालेले विज्ञान म्हणून स्वीकारता येणार नाही. पिढ्यांमधून पुढे जाते ते शिकवण, भाषा आणि वागणूक. त्या अर्थाने मात्र माणसाची समज वाढू शकते आणि त्या वाढीची कसोटी मणक्यातील उष्णता नसून, घरातल्यांशी व मळ्यातल्या मजुरांशी आपले वागणे किती मोकळे आणि शांत झाले, ही आहे.

सध्या संध्याकाळी दहा मिनिटे, श्वास न रोखता, संथ नाडीशोधन (एकेका नाकपुडीने आळीपाळीने श्वास घेणे-सोडणे) पुरे. तेही डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तरच. रात्रीच्या विजेसाठी आळीपाळीने उठायला घरातील दुसऱ्या कोणाची मदत घेता आली तर पाहावे. सलग महिनाभर रोज सहा-सात तास झोप मिळू लागल्यावर, ज्याने ही साधना स्वतः अनेक वर्षे केली आहे आणि जो आपल्याला प्रत्यक्ष ओळखतो अशा मार्गदर्शकापुढे बसून कुंभकाचा विचार करावा.