गोल्फमध्ये चेंडूला क्लब लागताना अंग फिरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी फिरवलं की चेंडू उजवीकडे जातो.

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि आमच्या भाऊजींचं हसू कानात वाजलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी सरळ सांगतो. फटक्याच्या क्षणी अंग फिरवणं कुणालाच जमत नाही. चेंडू आणि क्लब (म्हणजे गोल्फची काठी) एकमेकांना लागून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद, तेवढ्यात काय फिरवणार? वरून खाली येताना आधी कंबर निघते, तिच्यामागे छाती, मग हात, सगळ्यात शेवटी क्लब. गोफण फिरते तसं. चेंडूपाशी पोचेपर्यंत कंबर आपला सगळा वेग गाठून मंदावायलाही लागलेली असते, फक्त थांबलेली नसते. मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांची कंबर त्या क्षणी लक्ष्याकडे साधारण 35 ते 45 अंश उघडलेली असते, खांदे त्याहून कमी. आपल्या पट्ट्याची बक्कल मात्र चेंडूकडेच बघत बसते.

आता भाऊजी. थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात क्रिकेट खेळलेले. आणि बडोद्यात क्रिकेट खेळलेल्या माणसाला सगळ्याच खेळांतलं कळतं. गोल्फचा नाद मला त्यांनीच लावला, ते उपकार मान्य. पण त्यांचा मंत्र एकच: "डोकं खाली, अंग गप्प, बाकीचं हात बघून घेतील." मला तो कधीच पटला नाही. शाळेत असताना मी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो. मुद्गल दंडाने उचलायला गेलो की वस्ताद पाठीत धपाटा घालायचे, "कमरेतून येऊ दे रे, खांदा काय भाड्याने आणलायस?" ते अंगात मुरलेलं.

तर एका जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसमधल्या गोल्फ कोर्सवर आमची पैज लागली. (हा कोर्स बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी 1930 च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतला होता. त्यांचे नातू समरजितसिंहांनी 1990 च्या दशकात तो नव्याने घडवून लोकांना खुला केला, नाहीतर आम्ही दांडिया बाजारातली मंडळी तिथे कसली पाय ठेवतोय.) सात नंबर आयर्न (मधल्या पल्ल्याचा लोखंडी क्लब), प्रत्येकी दहा चेंडू, हरेल त्याने सगळ्यांना सेव उसळ द्यायची. मी जीव खाऊन कंबर फिरवली. दहापैकी सात चेंडू उजवीकडे झाडीत. तिथे दोन मोर चरत होते, तिसऱ्या चेंडूनंतर तेही कंटाळून उठून गेले. भाऊजींचे नऊ सरळ. वर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "फिर अजून! नवरात्रात गरब्यात फिरतोस तसा फिर!" सेव उसळ मी दिली. रस्सा तिखट होता, पण डोळ्यांत पाणी त्याने आलेलं नव्हतं.

भाच्याने हे सगळं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतलं होतं. रात्री टीव्हीला लावून एकेक फ्रेम पुढे ढकलत बघितलं. सेकंदाला 240 फ्रेम, म्हणजे एकेक फ्रेम चार मिलिसेकंदांची. क्लब चेंडूला लागताना दिसतच नाही. एका फ्रेममध्ये चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर), पुढच्यात गायब. पण त्याच्या आधीची फ्रेम सगळं सांगून गेली. माझी कंबर उघडलेली, झकास. डावं मनगट मात्र मागे मोडलेलं आणि क्लबचं तोंड सताड उघडं, म्हणजे लक्ष्याच्या उजवीकडे बघणारं. चेंडू दुसरीकडे जाणार कुठे?

तुमचंही हेच होतंय, बघा. इतकी वर्षं अंग थांबायचं आणि हात शेवटच्या क्षणी गर्रकन वळून तोंड बंद करून घ्यायचे. आता अंग पुढे निघून गेलं, हातांना ती सवड मिळत नाही. गुन्हा फिरण्याचा नाही, पकडीचा आहे. डावा हात दांड्यावर थोडा उजवीकडे वळवून धरा, वरून बघताना मुठीची दोन-तीन हाडं दिसली पाहिजेत. खाली येताना डावं मनगट सपाट. नऊ नंबर घेऊन कमरेपासून कमरेपर्यंतच अर्धे फटके मारा. पहिले पंधरा दिवस चेंडू डावीकडे पळेल. पळू दे.

आणि भाऊजींची फ्रेम? बक्कल चेंडूकडे, बूड पुढे ढकललेलं, डावं कोपर बाहेर, मनगट असं वळलेलं की पळीने आमटी वाढतायत. चेंडू सरळ जायचा, कबूल, पण 110 यार्डांत जीव टाकायचा. तीन महिन्यांनी माझा त्याच क्लबने 140 जायला लागला. तर म्हणे, "वारा होता."

"डोकं खाली" वाल्यांसाठी एवढंच: स्वीडनची गोल्फपटू अ‍ॅनिका सोरेनस्टॅम, तिचं डोकं फटक्याबरोबरच लक्ष्याकडे वळायचं, नजर तोवर चेंडूवरून उठलेली असायची. त्याच स्विंगने बाईने 10 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धा, जिंकल्या आणि 2001 साली स्पर्धेत 18 होलची फेरी 59 फटक्यांत संपवली. भाऊजी म्हणतात ती अपवाद. असेल. त्यांच्या मताला धरून खेळणारा अपवाद तरी त्यांनी दाखवावा.

हां, एक राहिलं, आणि ते आधीच सांगायला हवं होतं. दुसऱ्या महिन्यात माझी पाठ धरली. चार दिवस आडवा. क्लब मागे नेताना खांदे पुरते वळतच नव्हते आणि खाली येताना मी कंबर झटक्याने ओढत होतो. सगळा पीळ मणक्याच्या खालच्या टोकाला. तुम्हाला स्लिप डिस्क वगैरे असेल तर आधी फिजिओला दाखवा, माझं ऐकून फिरू नका. उभं राहतानाच डाव्या पायाचा चवडा लक्ष्याकडे वीसेक अंश उघडा ठेवलात तर गुडघा आणि कंबर दोन्हींना वाट मिळते. मी उजव्या हाताने खेळतो, तुम्ही डावखुरे असाल तर सगळं उलटं वाचा. आणि माझा हँडिकॅप 19 आहे, म्हणजे मी साधाच खेळाडू, हेही ध्यानात घ्या.

गेल्या रविवारी पहिला फटका मारायच्या जागी भाऊजींचा डावा चवडा बाहेर वळलेला दिसला. मी विचारलं, "हे कधीपासून?" तर म्हणाले, "बूट चावतोय."