कामगंध सापळ्याचे कुतूहल आणि रसायनशास्त्राची धास्ती

आपले पत्र वाचले. शेतातील कामगंध सापळ्यात बोंडअळीचे फक्त नर पतंगच का सापडतात, या प्रश्नाने अकरावीतील आपल्या मुलीला झपाटले आहे. तिला कीटकांवरच काम करायचे आहे, मात्र रसायनशास्त्र नको आहे, आणि या वाटेने पोट भरेल का, ही आपली काळजी आहे.

सापळ्यातील ल्यूरमध्ये, म्हणजे पतंगांना ओढणाऱ्या गंधाच्या आमिषात, मादीच्या गंधाची प्रयोगशाळेत केलेली नक्कल असते. शेंदरी बोंडअळीच्या बाबतीत हा गंध म्हणजे एकाच रेणूच्या, केवळ एका दुहेरी बंधाच्या ठेवणीत भिन्न असलेल्या, दोन रूपांचे जवळजवळ समसमान मिश्रण असते. नर ते मिश्रण आपल्या जातीच्या मादीची खूण म्हणून ओळखतो. असा पहिला गंध, रेशमाच्या पतंगाचा, जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी 1959 मध्ये उलगडला. त्यासाठी सुमारे 5 लाख माद्यांच्या गंधग्रंथी लागल्या होत्या.

प्रतिस्पर्ध्याची ओळखही अशीच पटते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये (आंबा बागायतदारांची फळमाशी ती ही नव्हे) नराच्या अंगी असलेले एक रसायन मीलनाच्या वेळी मादीकडे जाते आणि नंतर आलेले नर तिच्यापासून दूर राहतात. त्याच रसायनाच्या गंधाने दोन नर मात्र एकमेकांवर तुटून पडतात. एकाच रेणूचे हे दोन अर्थ समजून घ्यायचे, तर तो रेणू आधी वेगळा काढता, मोजता आणि बनवता आला पाहिजे. म्हणून मी स्पष्टच सांगतो: या क्षेत्रात निम्मे काम रसायनशास्त्राचे आहे, आणि ते टाळून केवळ कीटकांच्या प्रेमावर फार पुढे जाता येणार नाही.

बारावीनंतर दोन वाटा आहेत. पुण्याच्या आयसरमधील (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) पाच वर्षांचा अभ्यासक्रम मूलभूत संशोधनाकडे नेतो. कृषी पदवी घेऊन पुढे कीटकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास कृषी विद्यापीठे, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, बंगळूरुची कृषी कीटक संसाधन संस्था आणि ल्यूर तयार करणाऱ्या कंपन्या यांची दारे खुली होतात. आपल्या काळजीचा विचार करता मला दुसरी वाट अधिक भरवशाची वाटते. पहिल्या वाटेवर पीएचडीपर्यंतची वर्षे कमाईविना नसली, तरी शिष्यवृत्तीवर काढावी लागतात.

येत्या हंगामात तिने सापळ्यातील पतंग रोज मोजून वहीत लिहावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज 8 पतंग आले, तर फवारणीचा विचार करावा, हे आपणांस ठाऊक असेलच. ल्यूर बदलल्याची तारीख मात्र तिने आवर्जून नोंदवावी, कारण जुन्या ल्यूरचा गंध विरत जातो, आणि पतंग खरोखर कमी झाले की गंधच क्षीण झाला, हे त्या नोंदीवाचून कळत नाही.